पदरातली फट

सुमनताईंनी साडी आणली ती जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून. शिलाई मशीनवरचे ब्लाउजचे तुकडे त्यांनी स्वतःच बाजूला सारले, गाठोडं ठेवलं आणि म्हणाल्या, "मंजुळाबाई, हिला फॉल लावायचाय. हातानेच लावा हं, मशीन नको. घाई नाही काही." चिंचवड स्टेशनच्या मागच्या या चाळीत सुमनताईंनी स्वतः येणं रोजचं नव्हतं. त्यांचे यजमान कंपनीत ऑफिसर होते, कॉलनीत बंगला होता, एरवी साड्या त्यांची कामवाली आणून टाकायची. मंजुळेने हात पुसले, फडक्याची गाठ सोडली. आधी जांभळा रंग दिसला. मग जर. मग तिने पदराची घडी उलटली, आणि ओळीतल्या पहिल्याच पोपटावर तिचं बोट अडखळलं. जिन्याची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं. पोपट मान वळवून मागे बघत होता. येवल्यात मागामागावर पोपट निघतात, पण ते सगळे समोर बघतात, शाळेतल्या रांगेतल्या पोरांसारखे. मान वळवणारा पोपट एकाच घरातून निघत असे. ते घर तिच्या वडिलांचं होतं.

"येवल्याची ना?" ती म्हणाली.

"ओळखलीत! श्रावणात नाशिकहून परतताना मुद्दाम वाट वाकडी केली आम्ही. आणि गंमत सांगू? बाई विणते हो. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेली. मी तासभर तिच्याजवळच बसले. बोलते किती गोड! गिरजाबाई नाव तिचं. माघात आमच्या लेकीचं लग्न, तिच्यासाठी दुसरी सांगून आलेय."

गिरजा माझ्या भावाची बायको, असं म्हणायला एक श्वास पुरला असता. तो श्वास मंजुळेने घेतला आणि तसाच सोडला. "छान आहे," एवढंच म्हणाली. सुमनताई गेल्यावर तिने दार लोटलं आणि साडीसमोर बसून राहिली. बाहेर दुपारच्या शिफ्टचा भोंगा झाला, सायकलींच्या घंट्या वाजत गेल्या, पिंपरीकडून औषधाच्या कारखान्याचा तो आंबूस वास वाऱ्याबरोबर आला आणि खोलीत येऊन राहिला. सतरा वर्षं ती हा वास घेत होती. बासष्ट साली ती लग्न होऊन इथे आली तेव्हा चाळीच्या मागे ज्वारी होती. उद्धवराव नुकतेच फिटर म्हणून लागले होते, नवीन शेडच्या पत्र्यांकडे बोट दाखवून ते तिला सांगायचे, बघ, इथे मोटारी होणार. तिने मान डोलावली होती. तिला मोटारींचं काही नव्हतं. पहिल्या वर्षी तिला झोपेतून जाग यायची ती मागाच्या खटखटीने, आणि डोळे उघडले की कळायचं की ती खटखट कंपनीतल्या कसल्याशा प्रेसची आहे. तेव्हा ती डोळे पुन्हा मिटून घ्यायची, आणि काही क्षण तो आवाज मागाचाच आहे असं मानून पडून राहायची.

आप्पा मागावर बसले की त्यांची पाठ तेवढी दिसायची. मंजुळेला वडील आठवायचे ते पाठीकडूनच. ती मागे रहाटावर बसलेली असायची, रेशमाच्या कांड्या भरत. सहाव्या वर्षापासून भरत होती. कांडी सैल भरली तर आडवा धागा नेणारा धोटा अडतो, घट्ट भरली तर रेशीम तुटतं. तिच्या कांडीवर आप्पांचा धोटा कधी अडला नाही. ज्ञानू, तिचा धाकटा भाऊ, शाळेतून आला की आप्पा त्याला जवळ घ्यायचे, त्याची बोटं धरून रंगीत धागे एकमेकांत गुंतवायला शिकवायचे. प्रत्येक रंगाला शेजारच्या रंगात अडकवायचं, नाहीतर मधे फट पडते, असं सांगायचे. ज्ञानूचं लक्ष बाहेर गोट्यांच्या आवाजाकडे. जे ज्ञानूला सांगितलं जाई ते मागे बसलेल्या मंजुळेला पाठ होई. तिने विचारलं होतं एकदा, मला शिकवा म्हणून. आप्पा रागावले नव्हते. धागा बसवायची फणी ठोकत ठोकतच म्हणाले होते, "लेकीला शिकवलेली विद्या दुसऱ्याच्या घरी जाते, मंजे." ते जसं काही हवापाण्याबद्दल सांगत होते.

ती बारा वर्षांची होती तेव्हा एकदा आप्पा सावरगावला मयताला गेले होते. आई नदीवर. मंजुळा मागाच्या खड्ड्यात उतरली. खड्ड्यातली माती गार होती, आप्पांच्या टाचांनी दोन ठिकाणी गुळगुळीत झालेली, आणि त्या दोन खळग्यांत तिचे पाय सैल बसले. तिने दोन बोटं रुंदीचं विणलं. पोपटाच्या पायापासून पंखाच्या सुरुवातीपर्यंत. अंगावर सारखा काटा येत होता, भीतीने नव्हे. भीती तिला नंतर, वर आल्यावर वाटली. संध्याकाळी आप्पा आले, हातपाय धुऊन मागावर बसले, आणि बराच वेळ फणीचा आवाज आला नाही. ती रहाटाजवळ श्वास धरून उभी. आप्पांनी मागे वळून पाहिलं नाही. सुई घेऊन ते तिचं विणलेलं सोडवू लागले, सावकाश, एकेक धागा, रेशीम तुटणार नाही असं. नंतर जेवायला बसल्यावर त्यांनी आईला सांगितलं की मंजुळेसाठी स्थळं बघायला लागायला हवं. बस्. शिव्या नाहीत, मार नाही. मार बसला असता तर तिला निदान कळलं असतं की त्यांनी काय पाहिलं.

आणि आता हे. तिने साडी उजेडाला धरली, मांडीवर घेतली, सगळी पोपटांची रांग बोटाने चाचपली. गिरजा घरात आली त्याला अकरा वर्षं झाली होती. ज्ञानूला मागावर बसवेना, त्याला दमा. तो विणकर सोसायटीत शिपाई म्हणून लागला. गिरजा साडीचं साधं अंग विणायला बसते हे मंजुळेला माहीत होतं. अंग कुणीही विणावं; हात वर, हात खाली. पण पदर? आप्पांचा पोपट? यंदा दिवाळीत आप्पांना अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली, तेव्हा ती एक दिवस जाऊन आली होती. मागावर चादर घातलेली होती. तिने ती उचलून पाहिली नाही. तिला वाटलं, माग थांबला, आणि तिला त्यात थोडं बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं आता तिला आठवलं. चादरीखाली गिरजेचं काम होतं. म्हणजे आप्पांनी शिकवलं. लेक परक्या घरची आणि परक्या घरातून आलेली ती घरची. हिशेब सरळ होता, त्यात आप्पांचं कुठे चुकत नव्हतं, आणि म्हणूनच तो तिच्या घशाखाली उतरेना.

दोन दिवसांचा फॉल तिने आठ दिवस लावला. चाळीतल्या बायका आल्या की साडी झाकायची, गेल्या की काढायची. ती चूक शोधत होती. कुठे काठ ओढला गेला आहे का, कुठे जर सैल सुटली आहे का. नव्हती. एक पोपट दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नव्हता. तिच्याच सुईने टाके मात्र वेडेवाकडे येत होते, ते उसवून ती पुन्हा घालत होती. एकदा गोजाबाई आली. तळवड्याची जुनी बाई, मुलगा कंपनीत लागला म्हणून चाळीत येऊन राहिलेली. उंबऱ्यात बसून तिने तंबाखू मळली आणि मंजुळेच्या तोंडाकडे बघत राहिली.

"काय गं, घरात काय झालंय काय?"

"काही नाही."

"न्हाई कसं? चार दिस बघतीया. सवत आणल्यावानी त्वांड झालंय तुजं."

मंजुळा हसली, पण तो शब्द तिला चिकटला. सवत. नवऱ्याच्या बाबतीत तिला असं कधी वाटलं नव्हतं. उद्धवराव कॅन्टीनमधल्या बायकांबद्दल बोलायचे, ती ऐकून घ्यायची. ही जळजळ वेगळ्याच जागी होती, बोटांच्या पेरांत. रात्रपाळीहून आलेल्या उद्धवरावांना एकदा सकाळी चहा देताना ती म्हणाली, "गिरजा आप्पांचा पदर विणते." ते म्हणाले, "बरं झालं की. म्हाताऱ्याची कला टिकली." त्यांनी बशीतला चहा संपवला आणि कूस वळवून झोपले. बरं झालं की. तिने ते वाक्य दिवसभर मनात वाजवून पाहिलं. ते सगळीकडून खरंच होतं.

माघात ज्ञानूचं कार्ड आलं. आप्पांना सोडून त्याला निघता येत नाही, तेव्हा गिरजा एकटीच लग्नाची साडी घेऊन येते आहे, चिंचवडच्या कुणी सुमनताई म्हणून आहेत, अक्का, तू त्यांचं घर दाखव. सोसायटीमार्फत साड्या देण्यापेक्षा असं गिऱ्हाईक थेट मिळालं तर गिरजेचं स्वतःचं काहीतरी उभं राहील. सुमनताई म्हणाल्यात, ही पसंत पडली तर कॉलनीतल्या आणखी चारजणी सांगतील. चार पैठण्या म्हणजे वर्षादोन वर्षांचं काम, अक्का. मंजुळेने कार्ड दोनदा वाचलं आणि देवाच्या फळीवर ठेवलं, उलटं.

गिरजा सकाळच्या गाडीने उतरली. बारीक, सावळी, डोळ्यांखाली काळं आलेलं. तिने वाकून नमस्कार केला. "वन्सं, आप्पा तुमची वाट बघतात," ती म्हणाली. "दाराकडं बघत राहतात." मंजुळा म्हणाली, "आता ते काय बघतात आणि काय नाही, कुणी सांगावं." गिरजेने पिशवी भिंतीशी ठेवली. तिचे हात मंजुळेच्या नजरेतून सुटत नव्हते. नखं बारीक कापलेली, उजव्या तर्जनीच्या पेरावर कातडीला घट्टा, आप्पांना होता तिथेच. चहा पिताना ती कपबशी दोन्ही हातांनी धरत होती, एखादी परक्याची वस्तू धरावी तशी. मंजुळेला ती आवडली असती. कुणा दुसऱ्याची भावजय असती तर.

जेवणाआधी मोरया गोसावींचं दर्शन करून यावं म्हणून गोजाबाई गिरजेला घेऊन गेली. मंजुळा भाकरीचं निमित्त सांगून घरी राहिली. त्या वळणाआड जाईपर्यंत ती दारात उभी होती. मग आत येऊन तिने कडी लावली आणि गिरजेच्या पिशवीतलं मांजरपाटाचं गाठोडं काढलं. साडी कुंकवाच्या रंगाची होती, हिरवे काठ. तिने पदर खिडकीच्या गजांवर पसरला. उन्हं सरळ आत येत होती. आणि तिसऱ्या ओळीत तिला ते दिसलं. उजवीकडच्या दोन पोपटांच्या माना आखूड पडलेल्या, एकाचा डोळा चोचीत उतरलेला, आणि त्या दोघांच्या मधे, जिथे हिरव्याने पिवळ्याला अडकवायला हवं होतं तिथे ते अडकवलेलं नव्हतं. बारीक फट. सुईच्या अग्राएवढ्या फटींची एक उभी रेघ. हातात घेतलं तर कळणार नाही, अंगावर तर मुळीच नाही. पण उजेडात धरलं की त्या रेघेतून ऊन येऊन समोरच्या भिंतीवर पडत होतं. मंजुळा त्या रेघेकडे बघत राहिली. तिच्या अंगातून इतक्या दिवसांचं काहीतरी सैल होऊन वाहून गेलं. तिला हसू आलं. एकटीच, बंद खोलीत, ती खरोखर मोठ्याने हसली. येत नाही हिला! एवढी वर्षं जवळ बसवून शिकवलं आणि येत नाही. आपण बारा वर्षांच्या असताना अशी फट सोडली नव्हती. तिने साडी पहिल्यासारखी घडी केली, गाठ मारली, भाकरी थापायला बसली, आणि ठरवलं की बोलायचं नाही. सुमनताईंना जन्मात कळणार नाही. पोरीचं काम होऊ दे. तिला स्वतःच्या मोठेपणाने भरून आलं. गिरजा परतली तेव्हा मंजुळेने तिला आग्रह करकरून वाढलं, भाकरीवर तूप घातलं, आणि ज्ञानूच्या दम्याची चौकशी केली.

सुमनताईंच्या दिवाणखान्यात पाय ठेवल्याबरोबर जे व्हायचं ते झालं. "अहो म्हणजे या तुमच्या भावजय? आणि मंजुळाबाई, मी ती साडी आणली तेव्हा तुम्ही अक्षर बोलला नाहीत!" त्यांनी मुलीला हाक मारली, शेजारच्या बंगल्यातल्या दोघींना बोलावून घेतलं. गिरजेला सोफ्यावर बसवलं. ती कडेला टेकून बसली. मंजुळा उभीच होती, ती या घरात नेहमीच उभी असायची, आणि आज तिला बस म्हणायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. साडी उलगडली तशा सगळ्याजणी पुढे सरकल्या. मग बोलू लागल्या. रंग बघा, काठ बघा, पोपट कसे मागे वळून बघताहेत, जसं कुणी हाक मारलीय. मुलीने पदर खांद्यावर घेऊन आरशात पाहिलं आणि तिचे डोळे भरले. "हातात सरस्वती आहे हो तुमच्या," सुमनताई म्हणाल्या. शेजारणींतली एक म्हणाली, मला मोरपिशी हवी. दुसरी म्हणाली, माझ्या बहिणीला विचारते. मंजुळा त्या सगळ्याकडे बाहेरून बघत होती. तिच्याजवळ एक गोष्ट होती जी या कुणाजवळ नव्हती, आणि त्या गोष्टीच्या आधाराने ती शांत उभी होती. मग सुमनताई तिच्याकडे वळल्या. मनापासून, कौतुकानेच विचारलं त्यांनी, "आणि तुम्हालाही येतं का हो असं? तुमचंच तर घर."

मंजुळेने तोंड उघडलं. पण उत्तर गिरजेने दिलं. नणंदेला कमीपणा येऊ नये म्हणून ती लगबगीने, जरा हसून म्हणाली, "वन्सं कांड्या फार छान भरायच्या. आप्पा अजून सांगतात, म्हणजे... सांगायचे."

"अच्छा, कांड्या," सुमनताई म्हणाल्या.

"सुमनताई," मंजुळा म्हणाली. "पदर जरा खिडकीत धरा."

तिला आपला आवाज ऐकू आला. नीट, गरीब, मदत करणारा आवाज. "तिसरी ओळ. उजवीकडं. नाही, आणखी खाली. आता पडदा सारा." ऊन आलं. फटींची रेघ मुलीच्या हातावर पडली, बारीक, पांढरी. "धागा अडकवायचा राहिलाय. माना पण बसल्यात दोघांच्या. मी काही बोलणार नव्हते, पण लग्नाची साडी आहे. पुढे तिथूनच फाटेल." तिने गिरजेकडे पाहिलं नाही. मुलीने पदर खांद्यावरून उतरवून आईच्या हातात दिला, जरा घाईने, जसं काही त्यावर काही सांडलं आहे. सुमनताईंनी विचारलं, "गिरजाबाई, खरं आहे हे?"

गिरजा उठून खिडकीपाशी गेली. त्या दोन पोपटांवरून तिने अंगठा फिरवला. मग म्हणाली, "हो. चूक आहे."

"मग तुम्ही सांगायचं तरी." सुमनताई वाईट बाई नव्हत्या, त्यांनी चहा केला, बिस्किटं ठेवली, लग्न दहा दिवसांवर आलंय आता पुण्यातूनच घ्यावी लागेल असं म्हणाल्या, गिरजेला ब्लाउजपीस देऊन ओटी भरली. मोरपिशी रंगाचं कुणी बोललं नाही. शेजारणी आपापल्या घरी गेल्या. निघताना सुमनताई मंजुळेला म्हणाल्या, "बरं झालं तुम्ही होता." मंजुळेने ते ऐकलं आणि तिला तोंडात गंज चाटल्यासारखी चव आली.

त्याच दुपारी गिरजा निघाली. रहा म्हणायला मंजुळेला तोंड नव्हतं आणि गिरजेनेही राहण्याचं नाव काढलं नाही. आप्पांना भरवायला दुसरं कुणी नाही, एवढंच म्हणाली. सिटी बसने दोघी नाशिक फाट्याला आल्या. रस्त्याच्या कडेला ट्रक उभे होते, लोखंडाच्या चुऱ्याने काळी झालेली धूळ उडत होती, आणि एस.टी.चा पत्ता नव्हता. गिरजेने गाठोडं छातीशी धरलं होतं. मंजुळा कितीतरी वेळ समोरच्या टपरीवरची पाटी वाचत राहिली. ती वाट बघत होती, गिरजा रडेल, शिवी देईल, निदान विचारेल की का. ती काही विचारेना तेव्हा मंजुळेलाच राहवेना.

"सगळी साडी एवढी नीट, आणि तिथंच कशी चुकलीस तू?"

"माझी नाही ती," गिरजा म्हणाली. तिने रस्त्यावरची नजर काढली नाही. "आप्पांची आहे. भादव्यात म्हणाले, मला खड्ड्यात उतरव. मोतीबिंदूनं दिसत नव्हतं काही, हात कापायचा. तरी दुपारभर बसले. दोन पोपट केले. नंतर दिवाळीत ते झालं. मला ते सोडवायला होईना, वन्सं. सुई घेतली होती हातात."

एक ट्रक भोंगा वाजवत गेला. मंजुळेला त्याचा आवाज खूप लांबून आला. ती म्हणाली, "मग तिथं का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? चूक ती चूकच. त्यांच्या हातची झाली म्हणून गिऱ्हाइकानं का घ्यावी?" मग जरा थांबून ती म्हणाली, "सकाळी मी देवळातून आले तेव्हा गाठ वेगळी होती. मला कळलं तुम्ही पाहिली. मला बरं वाटलं. म्हटलं, वन्सं ओळखतील. त्यांचा हात आपण दोघीच ओळखतो."

मंजुळेला दिसत होत्या त्या आखूड माना, उन्हात धरलेल्या, आणि त्यांच्याकडे बघून हसणारी ती स्वतः. पहिल्या साडीतला पोपट तिने एका नजरेत आप्पांचा म्हणून ओळखला होता, तो गिरजेचा निघाला. आणि ज्यांच्या पाठीकडे बघत ती वाढली त्यांचा हात समोर होता, तर तिने पडदा सारायला सांगितला. "मी जाते सुमनताईंकडं," ती म्हणाली. "सांगते, माझं चुकलं."

"नका. तुम्ही काही खोटं सांगितलं नव्हतं." गिरजा पहिल्यांदाच तिच्याकडे वळली. डोळे कोरडे होते; त्यांत राग होता, पण तो आजचा नव्हता, जुना, झिजलेला होता. "एक सांगू? मला तुमचा फार राग यायचा. आज नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून. पहिल्या दिवशी मागावर बसवलं तेव्हापासून आप्पांचं एकच. धागा चुकला की म्हणायचे, माझी मंजी बारा वर्षांची होती, कुणी शिकवलं नव्हतं, तिनं दोन बोटं विणलं त्यात एक फट नव्हती. मी सोडवायला बसलो तर माझ्याच्यानं सुटेना, इतकं घट्ट. तुझा हात असा का नाही पडत? अकरा वर्षं, वन्सं. रोज. चांगलं जमलं तरी तेच, मंजीचा हात असता तर. पहिल्या वर्षी तर मी तुमचं नाव ऐकलं की ताटावरून उठायची."

एस.टी. आली. धूळ खाली बसायच्या आत माणसं दाराशी गोळा झाली. मंजुळेने गिरजेचा दंड धरला. ती सांत्वन करणार होती, पाया पडणार होती, क्षमा माग असं तिचं मन तिला ओरडून सांगत होतं. पण तोंडातून आलं ते वेगळंच.

"आणखी काय म्हणायचे?"

गिरजा तिच्याकडे बघत राहिली. "आणखी काय? तेच. रोज तेच म्हणायचे," ती म्हणाली, दंड सोडवून घेतला आणि आत चढली. खिडकीची जागा तिला मिळाली नाही. गाडी हलली तेव्हा गर्दीत फक्त मांजरपाटाच्या गाठोड्याचं टोक दिसलं, मग तेही दिसेना.

सिटी बस आली आणि गेली, मंजुळा चढली नाही. रस्त्याच्या कडेने ती चालू लागली. पहिल्या शिफ्टची माणसं घोळक्याने सुटली होती, डबे वाजवत तिच्या अंगावरून जात होती, आणि ती त्यांच्या विरुद्ध दिशेने जात होती. एवढं मिळालं होतं तिला, जे जन्मभर मिळालं नव्हतं. आप्पांनी पाहिलं होतं. सोडवताना त्यांच्या बोटांना कळलं होतं. पाय हलके व्हायला हवे होते, आणि क्षणभर, कासारवाडीच्या वळणापर्यंत, ते खरंच हलके झाले. मग तिला आप्पांचा आवाज ऐकायचा होता. 'माझी मंजी' म्हणतानाचा. तिने तो मनात आणून पाहिला. आला नाही, आली ती पाठ, आणि फणीचा आवाज. तो आवाज कसा होता ते एकाच बाईला माहीत होतं. रागाने म्हणायचे की हळू, सुरुवातीला म्हणायचे की शेवटी, म्हणताना हात थांबवायचे का. अकरा वर्षं रोज, फणीच्या प्रत्येक ठोक्याआड ते तिचं नाव घेत होते आणि ते ऐकायला गिरजा बसली होती. आता ते कुणालाच म्हणणार नव्हते. आपण त्या पोरीचं काय केलं हे मंजुळेला माहीत होतं; ते तिच्या छातीवर धोंड्यासारखं बसलं होतं आणि बसणारच होतं. पण त्या धोंड्याखाली, लाज वाटूनही, ते दुसरं धुमसत होतंच, आणि आता ते पैठणीबद्दल नव्हतं, पोपटाबद्दल नव्हतं. ताटावरून उठून जाणाऱ्या त्या नव्या नवरीचा तिला हेवा वाटत होता. ती बोलणी आपण खाल्ली असती. एकेक, पोटभर.